सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या रानात मातीतले जिवाणू कामाला कसे लावायचे

मे संपत आला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांच्या मुळावर गाठी करून हवेतला नायट्रोजन म्हणजे नत्र आणणारे जिवाणू), पीएसबी (मातीतला फॉस्फरस म्हणजे स्फुरद मोकळा करणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला संपवणारी बुरशी) अशी पाकिटं आणि बाटल्या येऊन पडतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, कुठलं घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आपल्या रानात आधीपासून जे जिवाणू आणि बुरशा राहतायत त्या जगतायत कशावर, हे आधी बघा. त्यांना खायला नाही, ओल नाही, उन्हापासून आडोसा नाही अशा जमिनीत विकतचे जिवाणू टाकणं म्हणजे घरात पीठ नसताना पाहुणे बोलावणं. ते काही दिवसांत उपाशी मरतात आणि आपण म्हणतो की पाकीट बोगस होतं.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीतल्या सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी आहे, मध्ये थोडं ज्वारीचं आणि उसाचंही येईल. पूर्ण वाचा, कारण बीजप्रक्रियेचा भाग सगळ्यांना माहीत असतो पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा कुणी करत नाही.

मुळाभोवती काय चाललेलं असतं

झाड पानात जे अन्न बनवतं त्यातला बराच मोठा वाटा ते मुळातून मातीत सोडून देतं, साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं असं सगळं. मुळाला चिकटून असलेल्या त्या काही मिलिमीटर मातीत बाकीच्या मातीपेक्षा जिवाणूंची गर्दी कितीतरी पट जास्त असते, आणि ही गर्दी झाड स्वतः पोसत असतं. लोरेन्झ हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये या पट्ट्याला रायझोस्फिअर असं नाव दिलं, तेच नाव आजही चालतं. बदल्यात झाडाला काय मिळतं? कुणी हवेतला नत्र आणून देतं, कुणी अडकलेला स्फुरद मोकळा करतं, कुणी मुळाला चिकटून जागा धरतं म्हणून मर रोगाच्या बुरशीला शिरायला वाव कमी मिळतो.

आणि प्रत्येक पिकाची सवय वेगळी बरं का. तुरीचं बघा, हैदराबादजवळ पाटणचेरूला जी इक्रिसॅट संस्था आहे तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीच्या मुळातून पिसिडिक आम्ल सुटतं आणि त्यामुळं लोहाला घट्ट चिकटलेला स्फुरद, जो दुसऱ्या पिकांना मिळतच नाही, तो मोकळा होतो, हे लाल जमिनीत. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद जास्त करून चुनखडीत म्हणजे कॅल्शियममध्ये अडकलेला असतो, तिथं हरभरा उपयोगी पडतो कारण त्याच्या मुळातून सायट्रिक आणि मॅलिक आम्लं सुटतात. म्हणून पिकाची फेरपालट ही मला कुठल्याही बाटलीपेक्षा मोठी गोष्ट वाटते, पीक बदललं की मुळाभोवतीचं जेवण बदलतं आणि जेवण बदललं की जेवणारेही बदलतात. दरवर्षी नुसतं सोयाबीन घेतलं तर तेच ते खाणारे आणि सोयाबीनच्या मुळावर टपलेले रोग, एवढेच वाढत राहतात.

आधी तपासणी, पैसा न घालवता

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतेय, त्यात १२ तपासण्या असतात पण जिवाणूंची एकही नाही. तरी त्यात एक आकडा आहे जो जिवाणूंबद्दल सगळ्यात जास्त सांगतो, सेंद्रिय कर्ब. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्याच्या वर चांगला. सामूच्या म्हणजे पीएचच्या आकड्याकडंही बघा, साडेआठच्या पुढं गेला असेल तर जमीन चोपण म्हणजे खारवट-चिकट होत चाललीय आणि आधी निचऱ्याचा आणि जिप्समचा विचार करावा लागेल, जिवाणू नंतर. नमुना घेताना बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याच्या जागेचा घेऊ नका, नाहीतर रिपोर्ट उकिरड्याचा येतो आणि खत रानाला पडतं.

घरच्या घरी दोन गोष्टी करा.

एक, बोटाच्या पेराएवढं सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. जिवाणू आणि बुरशा एक प्रकारचा डिंक सोडतात आणि त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. ढेकूळ बराच वेळ टिकलं आणि पाणी जवळपास स्वच्छ राहिलं तर मातीत जीव आहे. मिनिटभरात विरघळून गाळ झाला तर डिंक बनवणारे कमी झालेत. शेजारी बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ दुसऱ्या ग्लासात सोडा, फरक डोळ्यांनी दिसेल. आपल्याच रानाची माती, फक्त तिथं नांगर गेला नाही आणि गवताची मुळं वर्षभर आहेत.

दोन, जुन्या शंभर टक्के सुती कापडाचा वीतभर तुकडा १०-१५ सेंटीमीटर खोल पुरा, जागेवर काठी रोवा, पाऊस चालू झाल्यावर पुरायचा म्हणजे ओल राहते. दोन महिन्यांनी काढा. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, काड कुजवणाऱ्या जिवाणूंचं खाणं, त्यामुळं जिवंत जमिनीत कापडाची चाळण होते आणि मेलेल्या जमिनीत ते धुऊन परत वापरता येईल असं निघतं. टेरिकॉट पुरू नका, त्यातला पॉलिस्टरचा धागा कुजतच नाही.

खाणं: काड, भुसकट, धसकटं

इथंच सगळा खेळ आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका एकरातली वरची १५ सेंटीमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब जमिनीत टिकला पाहिजे. सुक्या काडात साधारण ४० टक्के कर्ब असतो, पण टाकलेला सगळा टिकत नाही, बहुतेक जिवाणू खातात आणि हवेत सोडून देतात, मागं राहतो तो पंधरा टक्क्यांच्या आसपास. हिशोब केला तर ०.१ टक्क्यासाठी १२-१५ टन सुकं काड लागतं, आणि दरवर्षी जुना कर्बही झिजत असतो तो वेगळाच. त्यामुळं एका हंगामात कर्ब दुप्पट करतो म्हणून कुणी बाटली विकत असेल तर सरळ नाही म्हणा. पण निराशही होऊ नका, कारण जे खाऊन संपतं ते वाया जात नाही, त्या खाण्यातच नत्र, स्फुरद, गंधक मोकळं होतं आणि ढेकूळ टिकवणारा डिंक तयार होतो. म्हणजे खाणं दरवर्षी थोडं थोडं पडत राहिलं पाहिजे.

आता आपण करतो काय? सोयाबीनची मळणी एका कोपऱ्यात, गुळी म्हणजे मळणीचं भुसकट तिथंच ढीग करून पडतं, मग कुणी नेतं नाहीतर पेटतं. तुराट्या चुलीला, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं बांधावर जाळायला. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, १० क्विंटल सोयाबीन विकलं की ६० किलोच्या वर नत्र पोत्यातून बाजारात गेलं. यातला साधारण निम्मा किंवा थोडा जास्त गाठींनी हवेतून आणलेला असतो, बाकी जमिनीतला. सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र सोडून जातं असं आपण सगळे ऐकत आलोय, पण दाणाही नेला आणि गुळीही नेली तर जमिनीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. म्हणून गुळी जनावरांना घातली तर शेण परत रानात आणा, नाहीतर गुळीच पसरवा.

पऱ्हाटीबद्दल एक काळजी. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडात दडून बसते, म्हणून कपाशी संपल्यावर पऱ्हाटी उभी ठेवायची नाही आणि बांधावर रचूनही ठेवायची नाही. श्रेडरनं बारीक करून कंपोस्ट खड्ड्यात घालणं सगळ्यात चांगलं, चांगलं तापलेलं कंपोस्ट अळीलाही संपवतं.

कोरडं काड जमिनीत गाडताना नत्राचा हिशोब लक्षात ठेवा. गव्हाचं काड, उसाचं पाचट यात कर्ब खूप आणि नत्र एकदम कमी, जिवाणू ते खायला बसले की नत्र कमी पडतो म्हणून मातीतला उचलतात आणि तेवढे दिवस पीक पिवळं पडतं. मग शेतकरी म्हणतो पाचट ठेवून नुकसान झालं. उपाय साधा आहे, उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर त्याच खोडातून परत फुटलेल्या उसात) पाचट सरीत बारीक करून ठेवलं की टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, एकरी साधारण ३-४ टन पाचट निघतं त्याप्रमाणं गुणायचं, आणि वरून पाणी द्यायचं. ओल नसेल तर ते तसंच कोरडं पडून राहतं.

शेणखत टाकाल ते पूर्ण कुजलेलंच टाका. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या रानात येतात आणि तणाचं बी तर येतंच. बांधावर गिरिपुष्प लावा, पावसाळ्यात फांद्या छाटून ओळींत टाकायच्या, त्याच्या पानात नत्र भरपूर असतो त्यामुळं पाला पटकन कुजतो. एखादं रान कमकुवत असेल तर तिथं ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला येता येता, साधारण ४५-५० दिवसांत गाडा. जास्त दिवस वाढू दिलं की खोड लाकडासारखं होतं आणि लवकर कुजत नाही.

नांगरट किती करायची

हा वादाचा विषय आहे. उन्हाळ्यात पल्टी नांगरानं खोल नांगरट केली की कीड आणि रोगाच्या बुरशा उन्हात येऊन मरतात, हे खरं आहे आणि रान खूप किडलेलं असेल तर करावीच लागते. पण त्याच उन्हात चांगल्या बुरशांचे धागे पण तुटतात आणि आत साठलेला कर्ब हवा लागून भराभर संपतो. मे महिन्यात विदर्भात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढं तापतो. माझं स्पष्ट मत, खोल नांगरट दरवर्षीची सवय नको, तीन-चार वर्षांत एकदा गरज बघून करा, मध्ये वखरावर भागवा. रोटाव्हेटर तर सारखा सारखा अजिबात नको, तो वरची माती पीठ करतो आणि खाली कडक थर बसवतो, मग पाणीही मुरत नाही आणि मुळंही आडवी पसरतात.

नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी जी एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धत पुढं आणली ती याच विचाराची आहे, गादीवाफे एकदा करायचे, परत नांगरायचे नाहीत, आधीच्या पिकाची मुळं तिथल्या तिथं कुजू द्यायची. भातापासून सुरुवात झाली, आता बाकी पिकांतही शेतकरी करतायत. त्यात तणनाशक वापरावं लागतं हे काहींना पटत नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय, पण मुळं जमिनीतच ठेवायची ही गोष्ट कुणीही उचलावी अशी आहे. हरभरा किंवा सोयाबीन उपटून काढण्याऐवजी विळ्यानं कापा, गाठी आणि मुळं खाली राहू द्या.

रान मोकळं ठेवलं की काय जातं

मायकोरायझा नावाची बुरशी मुळाच्या आत घर करते आणि बाहेर मातीत लांबवर धागे पसरते, मुळाला जिथपर्यंत पोचता येत नाही तिथला स्फुरद आणि जस्त आणून देते. ही जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला आपल्यासारखीच काळी चिकण जमीन आहे, तिथं रान खूप दिवस पडीक ठेवून मग पेरलं की पीक खुरटं यायचं आणि स्फुरद-जस्ताची कमतरता दिसायची, कारण शोधलं तर मायकोरायझा संपलेली निघाली. आपल्याकडं सोलापूरच्या पट्ट्यात खरिपात रान मोकळं ठेवून रब्बी ज्वारी घ्यायची पद्धत आहे, ओल साठवायला ती पद्धत पडली हे समजतं, पण जिथं पाऊस बऱ्यापैकी पडतो आणि जमीन खोल आहे तिथं आधी मूग किंवा उडीद घ्या, साठ-सत्तर दिवसांत रान मोकळं होतं, जिवंत मुळं राहतात आणि ज्वारीलाही फायदा होतो.

अजून एक, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट या पिकांच्या मुळात मायकोरायझा घर करत नाही. त्यांच्यासाठी मायकोरायझाचं पाकीट घेऊ नका. आणि डीएपी म्हणजे स्फुरदाचं रासायनिक खत भरपूर टाकून वर मायकोरायझा पण टाकायची यालाही अर्थ नाही, स्फुरद फुकट मिळत असेल तर झाड बुरशीला खायला घालत नाही.

आता बीजप्रक्रिया

रायझोबियम एकच नसतं हे आधी लक्षात घ्या. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, तूर-मूग-उडीद-भुईमुगाचा गट वेगळा. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला लावलं तर गाठी येणार नाहीत. पाकिटावर पिकाचं नाव वाचा, उत्पादनाची तारीख वाचा, पावडरचं पाकीट सहा महिन्यांच्या आतलं घ्या. नियमानुसार पावडर स्वरूपात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि लिक्विडमध्ये मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू असायला लागतात, हे आकडे लेबलवर असतात. दुकानात पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं पाकीट तारीख चांगली असली तरी घेऊ नका, उष्णतेनं आतले मेलेले असतात. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या विक्री केंद्रावर ताजं मिळण्याची शक्यता जास्त, जरा लांब असलं तरी तिथून आणा.

करायचं असं. पावडर असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम पीएसबी. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळा, पूर्ण थंड होऊ द्या, गरम द्रावणात टाकलं तर सगळे जातील. पाणी विहिरीचं-बोअरचं वापरा, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडतो. त्यातलं लागेल तेवढंच द्रावण घेऊन पावडर कालवा. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं, जास्त ओलं झालं की सुटतं आणि उगवण बिघडते, म्हणून १० किलोला पाव लिटरच्या आसपासच द्रावण घ्या आणि हातानं चोळू नका, ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर घेऊन दोघांनी दोन टोकं धरून हलवा. लिक्विड कल्चर सोयाबीनला त्यामुळंच सोयीचं पडतं, त्याचं प्रमाण लेबलप्रमाणं घ्या. सावलीत सुकवा, अर्ध्या-पाऊण तासात बी मोकळं होतं, आणि त्याच दिवशी पेरा. रात्री लावून सकाळी पाऊस आला म्हणून चार दिवस ठेवलेलं बी परत लावून घ्या.

रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर क्रम कायम हा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. पहिल्या दोन गोष्टी आधी काही दिवस करून ठेवता येतात, जिवाणू मात्र पेरणीच्या दिवशी, आणि अशा वेळी जिवाणूंचं प्रमाण दीडपट-दुप्पट घ्या. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र कधीच नाही, दोघांपैकी एक निवडा. कंपनीचं लाल-निळं रंगवलेलं बियाणं असेल तर त्याला आधीच काहीतरी लावलेलं असतं, पिशवीवर वाचल्याशिवाय ट्रायकोडर्मावर पैसे घालवू नका.

कुणाला जास्त फायदा? ज्या रानात ते पीक आधी कधी घेतलेलं नाही तिथं सगळ्यात जास्त. सोयाबीन मूळचं आपल्याकडचं नाही, त्याचे जिवाणूही आपल्या मातीत मुळात फारसे नव्हते, त्यामुळं उसाच्या किंवा कपाशीच्या रानात पहिल्यांदा सोयाबीन घेताना रायझोबियम चुकवूच नका. जिथं वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथं ते आता वस्तीला आलेत, तिथं फायदा कमी दिसेल, तरी खर्च इतका थोडा आहे की मी लावाच म्हणेन.

गाठी बघितल्याशिवाय काही कळत नाही

पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी, फुलं दिसायला लागली की, वापशावर म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना चार-पाच ठिकाणची झाडं खणून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपल्याला वाटतं आल्याच नाहीत. बादलीत पाण्यात हलवून माती धुवा. मुख्य मुळावर वरच्या भागात मोठ्या गाठींचा झुबका असेल तर बीजप्रक्रिया लागू पडलीय, बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुतेक मातीतल्या जुन्या जिवाणूंच्या. मग नखानं गाठ फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्राचं काम जोरात चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचाच पदार्थ. पांढरी असेल तर अजून चालू झालेली नाही किंवा त्या जिवाणूचं त्या पिकाशी जमलेलं नाही. हिरवट-तपकिरी असेल तर काम संपलंय, शेंगा भरताना तसं होतंच, पण फुलोऱ्यातच तसं दिसलं तर गडबड आहे.

सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरणारे बारीक किडे, त्यांच्या गाठींशी घोळ करू नका. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूला चिकटलेली असते, बोटानं टिचकी मारली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.

गाठी कमी का येतात? बहुतेक वेळा तीन कारणं. पेरणीला युरिया जास्त पडला, झाडाला आयता नत्र मिळाला की ते गाठी पोसायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून सुरुवातीला शिफारशीतला थोडा नत्र पुरे. दुसरं, स्फुरद कमी, गाठींना खूप ऊर्जा लागते. तिसरं आणि आपल्याकडं सगळ्यात मोठं, पाणी तुंबणं. गाठीला हवा लागते, काळ्या जमिनीत आठ दिवस पाणी साचलं की गाठी गुदमरतात आणि पीक पिवळं पडतं, लोक वरून फवारण्या मारत बसतात. म्हणून बीबीएफवर म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरा, नाहीतर निदान दर चार-सहा ओळींनंतर चर पाडा, डोक्यावर पाऊस असतानाच पाणी बाहेर निघालं पाहिजे. फुलोऱ्यात गाठी खरंच नसतील तर त्या हंगामात जिवाणू टाकून उपयोग नाही, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून नत्र द्या आणि वहीत त्या पट्ट्याचं नाव लिहून ठेवा.

मर रोग

तुरीचं झाड फुलात असताना एका बाजूनं वाळायला लागलं, खोडावर खालून वर जांभळट-तपकिरी पट्टा दिसला आणि खोड उभं चिरल्यावर आत काळपट रेषा दिसल्या तर तो फ्युजेरियमचा मर. ही बुरशी मातीत राहते, हरभऱ्यावरची तर पीक नसतानाही सहा वर्षं टिकते, त्यामुळं एक-दोन वर्षांची फेरपालट एकटी पुरत नाही. पहिलं काम प्रतिकारक वाण, तुरीत बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११, हरभऱ्यात विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ असे. दुसरं, तुरीत ज्वारीचं आंतरपीक, याच्यामुळं मर कमी होतो हे प्रयोगांत दिसलंय, आपल्या आधीच्या पिढ्या तूर-ज्वारी एकत्र पेरत होत्या ती पद्धत सोयाबीन आल्यावर मागं पडली याचं मला वाईट वाटतं.

तिसरं ट्रायकोडर्मा. ही चांगली बुरशी, दुसऱ्या बुरशीला वेढा घालते, तिची भिंत फोडते आणि मुळावर स्वतः जागा धरते. पण ती कोरड्या उघड्या मातीत नुसती पावडर फेकून वाढत नाही. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, थोडा गूळ-पाणी शिंपडा, मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये एवढी ओल ठेवा, सावलीत गोणपाटानं झाका, मध्ये एकदा खाली-वर करा. आठ-दहा दिवसांत हिरवट-पांढरी वाढ दिसायला लागते, मग पेरणीच्या वेळी ओळीत द्या. पाकिटावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बुरशीकण असा आकडा बघून घ्या. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम लावा, रायझोबियमबरोबर चालते. एवढं करूनही एखादं झाड मेलंच तर मुळासकट काढून रानाबाहेर न्या. झाड वाळल्यावर ट्रायकोडर्माचं पाणी बुडाशी ओतून ते परत उठत नाही, हे काम पेरणीच्या आधीचं आहे.

जीवामृताबद्दल

अमरावतीच्या सुभाष पाळेकरांमुळं हे घरोघर पोचलं. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, एकराला पुरतं. मी याच्या बाजूनं आहे पण एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, हे जिवाणूंना चालना देतं, खत म्हणून यातला नत्र-स्फुरद फार थोडा असतो. जिथं आच्छादन आहे, काड आहे, ओल आहे तिथं याचा परिणाम दिसतो. उघड्या तापलेल्या रानात, वापसा नसताना ओतलं तर दोनशे लिटर पाणी दिल्यासारखंच. संध्याकाळी, ओलीवर, काडावर टाका. आणि रासायनिक खत एका वर्षात एकदम शून्य करू नका, माती परीक्षण बघत, कर्ब वाढेल तसं उतरवत जा, नाहीतर उत्पन्न पडतं आणि माणूस वैतागून सगळंच सोडून देतो.

फरक पडला की नाही, कसं ठरवायचं

ही गोष्ट फार थोडे लोक करतात आणि माझ्या मते यातूनच माणूस शिकतो. सगळं बियाणं प्रक्रिया करण्याआधी थोडं बी बाजूला काढा आणि रानाच्या मधोमध सहा-आठ ओळी बिनाप्रक्रियेच्या पेरा, बांधाकडेला नको, तिथं सावली आणि पाण्याचा फरक पडतो. दोन्ही टोकांना काठ्या रोवा, खत-फवारणी सगळं बाकी रानासारखंच. फुलोऱ्यात दोन्हीकडची झाडं खणून गाठी शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. काढणीला त्या ओळी आणि शेजारच्या तेवढ्याच ओळी वेगळ्या कापा, वेगळ्या मळा, पोती वेगळी तोला आणि वहीत लिहा. एका वर्षाच्या पावसावर भरवसा ठेवू नका, दोन-तीन हंगाम तीच पट्टी धरा. हरभरा पेरताना ऑक्टोबरमध्ये त्याच जागी परत तसंच करता येतं, फक्त तिथं हरभऱ्याचं रायझोबियम लागेल आणि पाणी बेतानं, कारण काळ्या जमिनीत हरभऱ्याला जास्त पाणी झालं की मूळकूज लागते आणि मग कुठल्या ओळीत कशामुळं झाडं गेली हे सांगताच येत नाही.